कॅरम स्पर्धा आम्ही थांबवली, मोबाइलने नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

नायगावच्या बीडीडी चाळीतली आमच्या मंडळाची कॅरम स्पर्धा यंदापासून बंद झाल्याची बातमी आपल्या मुंबई पुरवणीत वाचली. चार ओळींची का होईना, दखल घेतलीत याबद्दल आभार. मात्र त्या चार ओळींत कारण दिलं आहे ते असं : मुलं मोबाइलमध्ये गुंतली, खेळाडू मिळेनासे झाले आणि स्पर्धा आपोआप बंद पडली. यातलं काहीही खरं नाही. स्पर्धा बंद पडलेली नाही, आम्ही ती थांबवली आहे. रीतसर सभा घेऊन, ठराव मांडून, इतिवृत्तात नोंद करून थांबवली आहे. त्या ठरावाखाली कार्यवाह म्हणून माझी सही आहे, तेव्हा खरं कारण सांगणं हेही माझंच काम.

आधी खेळाडूंचं. शेवटच्या वर्षी प्रवेशिका इतक्या आल्या की पुरुष एकेरीची भाग्यपत्रिका, म्हणजे कोण कुणाशी खेळणार याचा तक्ता, दोन ड्रॉइंग पेपर जोडून लिहावी लागली. डोंबिवली, पनवेल, पालघरपासून मुलं आली. कुमार गटातली बरीच मुलं कॅरम पहिल्यांदा फोनवरच खेळलेली होती. ही मुलं पाहण्यासारखी असतात. त्यांना कोन पक्के कळतात. सोंगटी कडेला लागून कुठल्या पॉकेटकडे वळेल हे ती नुसती बघून सांगतात. जोर मात्र माहीत नसतो, कारण काचेवर बोट सरकवताना नखाला काही लागत नाही. खरा स्ट्रायकर पंधरा ग्रॅमपर्यंतचा, त्याला टिचकी मारली की पहिल्या दिवशी बोट ठणकतं. चार संध्याकाळी खेळली की हात बसतो. फोनने आमची मुलं नेली नाहीत, उलट काही आणून दिली. कुठलाही जुना उपक्रम थांबला की मोबाइलकडे बोट दाखवण्याची सवय झाली आहे. त्यामुळे खरी अडचण कुणी विचारतच नाही, आणि तिच्यावर उपाय शोधायचीही मग गरज वाटत नाही.

अडचण समजायची तर ही स्पर्धा कशी उभी राहिली ते सांगायला हवं. बीडीडी चाळ म्हणजे तळमजला अधिक तीन मजले, प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या, मधून लांबलचक पॅसेज आणि टोकाला सामाईक संडास. खोली १६० चौरस फुटांची. एवढ्या खोलीत आठ-दहा माणसं राहत ती गिरणीच्या पाळ्यांच्या जोरावर. पहिल्या पाळीचा माणूस कामावर गेला की त्याच्या जागेवर तिसऱ्या पाळीचा येऊन झोपायचा. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि तिन्ही पाळ्यांची माणसं एकदम घरी आली. माझे वडील साचाखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. खोलीत बसायला जागा नाही, बाहेर जायला खिशात पैसे नाहीत, म्हणून पुरुषमाणसं पॅसेजमध्ये आली आणि त्यांच्याबरोबर कॅरम बोर्डही बाहेर आले. महिन्यांमागून महिने गेले. संप मिटल्याचं कुणी कधी जाहीर केलं नाही. बहुतेकांना गिरणीने परत घेतलं नाही. कुणी वॉचमन झाला, कुणी भाजीची गाडी लावली, बरेच जण गावी गेले. जे राहिले त्यांचा हात मात्र त्या रिकाम्या दिवसांत असा तयार झाला होता की दादर-परळच्या क्लबांतले खेळाडू संध्याकाळी मुद्दाम आमच्या मजल्यावर येऊन बसायचे. स्पर्धा निघाली ती त्यातून.

पहिली बरीच वर्षं ती पॅसेजमध्येच झाली. बोर्डाचा पृष्ठभाग नियमाप्रमाणे ७४ सेंटिमीटरचा, त्यावर चौकट, दोन बाजूंना दोन खुर्च्या आणि शेजारी पंचाचं स्टूल. एवढं मांडलं की एका बाजूने जेमतेम एक माणूस जाईल इतकी वाट उरते. त्या वाटेने रात्रभर बादल्या घेऊन लोक ये-जा करायचे आणि खेळाडूचा नेम लागत असला की आपण होऊन थांबायचे. स्ट्रायकर सुटला की पुढे. हे कुणी शिकवलं नव्हतं. आमच्या स्पर्धेला लाउडस्पीकर कधीच लागला नाही. चाळीतल्या बाकी सगळ्या कार्यक्रमांना आवाज लागायचा, कॅरमला शांतता लागायची, आणि ऐंशी खोल्यांची चाळ ती द्यायची.

स्पर्धा वाढली तशी आम्ही ती चाळींमधल्या मोकळ्या जागेत मांडवाखाली आणली. महिला एकेरी सुरू केली. सुरुवातीला नावं द्यायला बायका लाजल्या, पण दुपारी पुरुष कामावर गेल्यावर पॅसेजमध्ये त्यांचेच बोर्ड चालायचे हे सगळ्यांना ठाऊक होतं. दोन-तीन वर्षांतच महिलांच्या अंतिम सामन्याला पुरुषांपेक्षा जास्त गर्दी होऊ लागली. तिसऱ्या मजल्यावरच्या एका मावशींनी एकदा पहिलाच बोर्ड, म्हणजे डाव, ब्रेकच्या पहिल्या फटक्यापासून शेवटच्या पांढऱ्या सोंगटीपर्यंत एकाच खेपेत संपवला. याला व्हाइट स्लॅम म्हणतात. हा शब्द त्यांनी त्या रात्री पहिल्यांदा ऐकला. त्यांनी तो नंतर नातवंडांनाही शिकवला.

बक्षिसं लहान होती. विजेत्याला स्मृतिचषक आणि थोडी रोख रक्कम, उपांत्य फेरीपर्यंत आलेल्यांना स्टीलची भांडी. तरी चांगले खेळाडू यायचे, कारण त्या काळात कॅरम हा नोकरीचा रस्ता होता. बँका, विमा कंपन्या, तेल कंपन्या, रेल्वे, महापालिका यांचे कॅरम संघ असत आणि क्रीडा कोट्यातून भरती होत असे. रिझर्व्ह बँकेचे प्रशांत मोरे, पुण्याचे योगेश परदेशी असे विश्वविजेते महाराष्ट्राने दिले. मारिया इरुदयम यांना १९९६ साली कॅरमसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा ते तमिळनाडूचे असूनही आमच्या चाळीत पेढे वाटले गेले. आमच्याकडे खेळलेल्या मुलांपैकी काहींना या खेळाने कायमची नोकरी दिली. ही मुलं आता निवृत्तीला आली आहेत.

आता कामाचं बोलतो, कारण बातमीत नेमकं तेच नव्हतं. बाद पद्धतीत १२८ खेळाडू असले की १२७ सामने होतात. प्रत्येक सामना तीन गेमपैकी दोनचा. गेम पंचवीस गुणांचा किंवा आठ बोर्डांचा. दोघे तुल्यबळ असले की एक सामना दीड-दोन तास सहज खातो. त्या सगळ्या वेळात बोर्डाशेजारी पंच बसलेला असतो. बाणाच्या रेषेपलीकडे हात गेला का, खेळाडू खुर्चीवरून उठला का, राणी घेतल्यावर लगेच स्वतःची सोंगटी, म्हणजे कव्हर, पडलं का, बाविसाव्या गुणानंतर राणीचे तीन गुण धरायचे नाहीत, हे सगळं त्याने बघायचं. दोन वाजता रात्री, कामावरून थेट येऊन, चहाशिवाय दुसरं काही न घेता.

आमचा साधा नियम होता : जो हरेल त्याने पुढच्या सामन्याला पंच म्हणून बसायचं. हरलेला माणूस चाळीतला किंवा शेजारच्या चाळीतला असायचा, तो बसायचा. आज हरलेल्या मुलाला शेवटची विरार किंवा कर्जत लोकल पकडायची असते आणि त्यात त्याचा काही दोष नाही. सकाळी त्याला ऐरोलीत किंवा अंधेरीत कामावर पोचायचं असतं. काही मुलं खाण्याची पार्सलं पोचवतात, त्यांचं काम तर रात्रीच जोरात असतं.

बोर्ड लावणं वेगळंच. पावसाळ्यात प्लाय दमट होतो, सोंगटी अडखळते. दिवाळी झाली की बोर्ड उन्हात काढायचे, कोरड्या फडक्याने पुसायचे, जाळ्या शिवायच्या, प्रत्येक बोर्ड सपाट आहे का ते पाणसळीने तपासून पायाखाली पुठ्ठ्याचे तुकडे घालायचे. बल्ब बोर्डाच्या बरोबर मधोमध यायला हवा, नाहीतर सोंगटीची सावली पडते. हे काम आमच्याकडे दोन सख्खे भाऊ करायचे. एक देवाघरी गेला, दुसरा आता मुलाकडे बदलापूरला असतो. त्याला फोन केला की तो येतो, अजूनही येतो, पण पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाला लोकलच्या गर्दीतून बोलावून बोर्ड उचलायला लावणं मला पटत नाही.

मग पुनर्विकास सुरू झाला. गैरसमज नको. शंभर वर्षांच्या चाळींत गळक्या छताखाली राहिलेल्या माणसाला ५०० चौरस फुटांचं घर आणि घरातच संडास मिळतो आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. पुढच्या पिढीतल्या सुनांना बादली घेऊन पॅसेजमधून जावं लागणार नाही, या एका गोष्टीसाठीही तो व्हायला हवा होता. पण चाळ रिकामी झाली तशी माणसं पांगली. कुणी संक्रमण शिबिरात, कुणी भाड्याने सायन-कोळीवाड्याला, कुणी उपनगरात. स्पर्धेची सभा पूर्वी जिन्यात उभ्या-उभ्या व्हायची. आता तारीख ठरवायलाच पंधरा दिवस लागतात.

करोनाची दोन वर्षं सोडल्यावर आम्ही पुन्हा उभे राहिलो होतो. शाळेचं सभागृह मिळालं. तिथे रात्री दहाला दार बंद करायचं ठरलेलं असल्यामुळे सामने शनिवार-रविवारवर ढकलले, स्पर्धा लांबत गेली. एका शनिवारी सहा बोर्ड मांडलेले, खेळाडू हजर आणि पंच दोनच. उरलेल्या चार बोर्डांवर मुलांना आपसात खेळवलं. त्यातल्या एका सामन्यात फाऊलवरून वाद झाला. दोन्ही मुलं गुणी होती, दोघांनाही आपलंच खरं वाटत होतं, आणि निर्णय द्यायला कुणी पाहिलेलंच नव्हतं. त्या मुलांना आम्ही स्पर्धा म्हणून काय देत होतो, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. पंचाशिवाय सामना घेणं म्हणजे खेळाडूचा अपमान आहे. मी राज्य संघटनेची पंच परीक्षा दिलेला माणूस आहे, मला हे चालवून घेता येत नाही.

याच सुमारास पैसे द्यायला लोक पुढे आले. पैशाची अडचण आम्हाला तशी कधी नव्हती. पावतीपुस्तक घेऊन फिरलं की किराणावाला, केशकर्तनालयवाला, जुने खेळाडू देत असत. पण परिसरातल्या एका पुढाऱ्याकडून निरोप आला की सगळा खर्च आमचा, पंचही पैसे देऊन आणू, पहिलं बक्षीस लाखाच्या घरात ठेवू. बदल्यात स्पर्धेचं नाव बदलायचं, स्वागताचे फलक नाक्यापासून लावायचे आणि अंतिम सामना व्यासपीठावर, निवेदक आणि संगीतासह. निरोप आणणारा कार्यकर्ता सभ्य होता. त्याला वाटत होतं तो आम्हाला वाचवतो आहे. आम्ही चहा दिला आणि नाही म्हटलं. स्पर्धेचा चषक ज्यांच्या नावाचा आहे, ते संपात गिरणीतून बाहेर फेकले गेले आणि तरीही दरवर्षी स्वतःच्या हाताने भाग्यपत्रिका लिहीत राहिले. त्यांचं नाव काढून दुसरं कुणाचं लावायचा अधिकार आमच्यापैकी कुणालाही नाही.

सभेत एकमत झालं नाही, हेही नोंदवतो. आमच्यातली सर्वांत तरुण सभासद ठरावाच्या विरुद्ध होती. आमच्याच स्पर्धेत लहानपणी खेळून ती पुढे विद्यापीठ संघात गेली. तिने चेन्नईच्या एम. खाझिमाचं उदाहरण दिलं. रिक्षाचालकाची मुलगी, २०२४ मध्ये अमेरिकेत झालेल्या विश्वचषक स्पर्धेत तीन सुवर्णपदकं जिंकून आली. ‘काका, अशी मुलगी आपल्या नायगावातून का निघू नये? आणि निघायची तर खेळणार कुठे?’ असं तिने मला सरळ विचारलं.

तिचा प्रश्न रास्त आहे आणि मी त्यावर बरेच दिवस विचार केला. खाझिमाचे वडील रिक्षा चालवतात आणि आपल्या वस्तीत मुलांना कॅरमही शिकवतात. तिला घडवलं ते रोज संध्याकाळी उघड्या असलेल्या बोर्डाने. वर्षातून एकदा होणाऱ्या स्पर्धेत तिचा हात तयार झालेला नाही. आमच्या चाळीतही तसंच होतं. स्पर्धा दहा-बारा दिवस चालायची, पण पॅसेजमधला बोर्ड वर्षभर पडलेला असायचा, शाळेतून आलेलं पोर दप्तर टाकून त्याच्यावर जायचं आणि मोठी माणसं त्याला खेळात घ्यायची. स्पर्धा त्या रोजच्या खेळावर उभी होती. रोजचा खेळ उरलेला नाही आणि आम्ही बाहेरगावच्या खेळाडूंची नावं घेऊन नुसती स्पर्धा चालवत होतो. आमची उरलेली ताकद, आम्ही चार-पाच म्हातारे आणि दोन तरुण, कशावर खर्च करायची एवढाच प्रश्न होता. ठराव झाला तो हा विचार करून. त्या मुलीने विरोधी मत नोंदवलं आणि लगेच पुढच्या कामाची यादी लिहायला घेतली.

तेव्हा तीन गोष्टींची विनंती आपल्या दैनिकामार्फत करतो.

आमच्या स्पर्धेच्या नावाने पुढे कुणी आयोजन जाहीर केलं तर ते आमचं नाही. नवी स्पर्धा जरूर भरवावी, नाव मात्र नवं ठेवावं. चषक विजेत्यांच्या यादीसह आम्ही एका सार्वजनिक ग्रंथालयाकडे ठेवायला देत आहोत.

दुसरं, नव्या इमारतींमध्ये राहायला गेलेल्या माझ्या शेजाऱ्यांना. सोसायटीची जी सामाईक खोली असेल ती फक्त सभा आणि सत्यनारायणासाठी कुलपात ठेवू नका. संध्याकाळी दोन तास एक बोर्ड, एक दिवा आणि चार खुर्च्या एवढं पुरे आहे. आवाजाची तक्रार यायची नाही. टॉवरमध्ये दार बंद झालं की शेजारच्या घरात किती मुलं आहेत हेसुद्धा कळत नाही, असं आधी गेलेले लोक सांगतात. बोर्ड मांडा, आठवड्यात कळेल. किल्ली कुणाकडे आणि पावडर कुणी आणायची एवढं ठरवणारा एक माणूस मात्र प्रत्येक इमारतीत लागेल, आणि तो वॉचमन नसावा. या कामाला निवृत्त माणूस उत्तम. नायगावात मी स्वतः रोज बसायला तयार आहे, आणि ज्या इमारतीतून बोलावणं येईल तिथल्या मुलांना नियम शिकवायलाही येईन. आमची तरुण सभासद मुलींसाठी शनिवारचा वर्ग घेणार आहे.

तिसरं, आमच्याकडे बारा बोर्ड आहेत, सगळे खेळण्याजोगे. यंदा पावसाळ्यानंतर सुकवून जाळ्या नव्या शिवल्या आहेत. ते आम्ही विकणार नाही. महापालिकेची शाळा, वसतिगृह, ग्रंथालय किंवा नव्या इमारतीची सोसायटी, जिथे बोर्ड रोज उघडा राहील अशा ठिकाणी प्रत्येकी एक किंवा दोन देऊ. भिंतीवर टांगून ठेवायला किंवा वार्षिक दिनापुरता वापरायला देणार नाही. सहा महिन्यांनी आमच्यापैकी कुणीतरी बघायला येईल आणि बोर्डावर धूळ असेल तर परत घेऊन जाईल, ही अट लेखी आहे. नेणाऱ्यांनी टेम्पो आणि दोन माणसं आणावीत. सोंगट्या, राणी आणि स्ट्रायकरचा संच प्रत्येक बोर्डाबरोबर आहे. बल्ब आणि शेड बोर्डासोबतच न्याव्यात, त्या वेगळ्या देणार नाही.

आपला,
मंडळाचा कार्यवाह
बीडीडी चाळ, नायगाव, मुंबई